समजूत पालटते तेव्हा

जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत पहूर येतं. जामनेर तालुक्यातलं हे गाव बोलण्यात एक आणि पाट्यांवर दोन आहे: पहूर पेठ आणि पहूर कसबे. पेठ म्हणजे बाजार. कन्नडमध्ये पेटे, तमिळमध्ये पेट्टै, म्हणजे हा शब्द दक्षिणेकडून वर सरकत आलेला. कसबा अरबीतला, फारसीचा हात धरून आलेला. मुळात तटबंदीचं ठाणं, आणि पुढे अंमलदार जिथे बसतो ते मोठं गाव. एक शब्द गावाला व्यापाऱ्याच्या नजरेने बघतो, दुसरा सरकारच्या. दोन्ही नजरा जुन्या झाल्या, पण शब्द अजून टपालाच्या पत्त्यात शेजारी शेजारी नांदतात.

याच गावात बहिणीकडे गेलो होतो. भाची एम.ए.च्या परीक्षेची तयारी करत होती. वहीवर बोट ठेवून म्हणाली, “मामा, हे प्रतिमान-परिवर्तन म्हणजे नेमकं काय राहतं?” (खानदेशात ‘असतं’च्या जागी ‘राहतं’ सहज येतं, आणि मला ते फार गोड वाटतं.) मी सांगायला सुरुवात केली. प्रतिमान म्हणजे इंग्रजीतला ‘पॅराडाइम’. हा शब्द मूळचा ग्रीक, ‘पॅरा’ म्हणजे शेजारी आणि ‘डेइक्नुमि’ म्हणजे दाखवणं. एका गोष्टीच्या शेजारी दुसरी मांडून दाखवायची, तो पॅराडाइम. ती लिहून घेत होती, पण तिच्या मनात काही उतरत नव्हतं. बाहेर ओट्यावर दाजी आणि शेजारचे एक शेतकरी केळीबद्दल बोलत होते. दाजी म्हणाले, “आधी आपली समजूतच अशी होती, का केळीच्या बुडाशी पाणी उभं राहिलं पाहिजे. मग ती समजूत पालटली.” भाचीने वहीतून मान वर केली. “मामा, हेच ना?”

हेच. त्या दिवसापासून मी ‘प्रतिमान’ हा शब्द लिहिलेला नाही.

आता ‘पॅराडाइम’चा प्रवास नीट बघू, कारण तो आपल्या शब्दांच्या घरावरूनच जातो. ‘डेइक्नुमि’मधला धातू आणि संस्कृतातला ‘दिश्’ हे एकाच मुळाचे. दिशा, देश, निर्देश, आदेश, उपदेश ही सगळी त्याच ‘बोट दाखवण्या’ची लेकरं. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात पॅराडाइम म्हणजे समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण. आपल्याकडे त्याला सरळ दृष्टांत म्हणतात. केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत गोळा केले तो ‘दृष्टांतपाठ’ या अर्थाने पॅराडाइमांचाच ग्रंथ. पुढे युरोपच्या व्याकरणात त्याचा अर्थ झाला नमुना म्हणून पाठ करायची रूपं. आपण शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलं, ती रूपावली. एक राम पाठ झाला की देव, वृक्ष, बाल त्याच साच्यातून चालवता येतात.

1962 साली टॉमस कून या अमेरिकी विज्ञान-इतिहासकाराचं वैज्ञानिक क्रांत्यांच्या रचनेवरचं पुस्तक आलं आणि त्याने हा व्याकरणातला शब्द उचलून विज्ञानाला लावला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. शास्त्रज्ञ रोज नव्याने विचार करत नाहीत. कुणीतरी एक कोडं सोडवून दाखवलेलं असतं, त्याच रूपावलीने बाकीची कोडी सोडवली जातात. न बसणाऱ्या गोष्टी बाजूला साठत जातात. एक दिवस त्यांचा ढीग इतका होतो की रूपावलीच बदलावी लागते, आणि मग जुन्या माणसांना जग वेगळं दिसतं, नव्यांना वेगळं. मार्गारेट मास्टरमन या विदुषीने कूनच्या पुस्तकात या एका शब्दाचे एकवीस वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले. कूनलाही पुढे अर्थांची विभागणी करावी लागली. तरी शब्द सुटला आणि व्यवस्थापनाच्या वर्गापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत पोचला.

मराठीने त्याला प्रतिमान, प्रारूप, विचारव्यूह असे कपडे शिवले. ते अंगाला बसले नाहीत, याचं कारण दाजींच्या वाक्यात आहे. त्यांना जे म्हणायचं होतं त्यासाठी त्यांच्याजवळ शब्द होता.

समजूत हा शब्द किती काम करतो बघा. समजूत असते, म्हणजे माणूस काहीतरी धरून चालतो. समजूत घालता येते, काढता येते, म्हणजे ती दोन माणसांमधली गोष्ट आहे. गैरसमजूत होते. समजूतदार माणूस आपली समजूत थोडी बाजूला ठेवू शकतो. ज्ञान, विश्वास, सवय आणि आपसातला करार या चारही छटा कूनच्या पॅराडाइममध्ये आहेत, आणि चारही समजुतीत आहेत. व्युत्पत्ती तर त्याहून सुंदर आहे. समजणे हे संस्कृत ‘संबुध्यते’चं घासून गुळगुळीत झालेलं रूप. प्राकृतात ‘संबुज्झइ’, मग हिंदीत समझना, मराठीत समजणे. म्हणजे धातू ‘बुध्’. बोध, बुद्धी आणि बुद्ध ज्यातून आले त्याच झऱ्याचं पाणी पहूरच्या ओट्यावर ‘समजूत’ म्हणून वाहतं. ‘पालटणे’ही जुनंच, ‘पर्यस्त’चं प्राकृत ‘पल्लट्ट’ झालं त्यातून आलेलं: उलटून टाकलेलं, कुशीवर वळवलेलं.

केळीची गोष्ट पुरी करतो. मृगबाग आणि कांदेबाग या खानदेशातल्या लागवडीच्या दोन वेळा. एक मृगाच्या पावसावर, दुसरी पावसाळा सरताना. कंद लावायचे, वाफे करायचे आणि पाटाने पाणी भरायचं, ही पिढ्यांची रीत. पहूरहून अजिंठ्याकडे जाताना वाकोद लागतं. भवरलाल जैन यांचा जन्म तिथला, 1937 सालचा. त्यांच्या उद्योगाने ऐंशीच्या दशकापासून या पट्ट्यात नळ्यांतून थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत रुजवली. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपंही आली. इथे दोन शब्दांचं नशीब बघण्यासारखं आहे. थेंबाने पाणी देण्याला लोकांनी म्हटलं ‘ठिबक’. ठिबकतं ते गळकं छप्पर, ठिबकतो तो पावळीचा थेंब. म्हणजे घरातली कटकट सांगणारा शब्द शेतातलं भाग्य सांगू लागला. प्रयोगशाळेतल्या रोपांना पुस्तकांनी शब्द दिला ‘ऊतिसंवर्धित’. तो कुणी बोलत नाही. शेतकरी म्हणतो, “औंदा टिश्यू लावलं.” ऊति हा शब्द वाईट नाही, पण तो कुणाच्या अंगणातून आला नाही. ठिबक आला.

नवी समजूत आली की शब्दाचं काय होतं, हा माझा खरा प्रश्न. कधी शब्द तसाच राहतो आणि आतला माणूस निघून जातो. वाकोदच्या पुढे फर्दापूर, आणि मग वाघूर नदीच्या वळणावरची अजिंठ्याची लेणी. लेणं म्हणजे संस्कृत ‘लयन’, आसऱ्याची जागा. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंफांत कोरलेल्या प्राकृत लेखांत हा शब्द ‘लेण’ म्हणून सापडतो. (अंगावर लेतो ते लेणं वेगळं; दोघांचा आवाज तेवढा एक.) भिक्षू गेले, धर्म विसरला गेला, तरी शब्द राहिला. लोकांनी त्यात आपली नवी समजूत भरली. म्हणूनच नाशिकची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ झाली. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याला पोचला आणि लेण्यांचा ‘शोध लागला’ असं आपण आजही शाळेत शिकवतो. मला हे वाक्य खटकतं. जवळच्या गावाचं नाव लेणापूर आहे. लेणी कुणाला माहीत नव्हती तर गावाला हे नाव कुठून आलं?

कधी शब्द राहतो आणि त्याचा अर्थ पार उलटा होतो. यासाठी पहूरहून उलट्या दिशेला, चाळीसगावजवळच्या पाटणला जायला हवं. पाटणादेवीच्या परिसरातला शके 1128 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. त्यात लिहिलं आहे की भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या मधल्या या मुलुखात आठशे वर्षांपूर्वी ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवण्यासाठी एक शाळा होती, हे वाचताना माझा ऊर भरून येतो. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण मठाला उत्पन्न कसं मिळावं हे सांगणारा शेवट मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालाला त्यात ‘केणें’ हा जुना शब्द आहे. आजोबांची कीर्ती संस्कृतात आणि पैशाचा व्यवहार मराठीत, कारण तो ज्यांनी द्यायचा त्यांना तो कळायला हवा होता.

भास्कराचार्यांनी 1150 साली एक जुनी समजूत मोडायचा प्रयत्न केला होता. पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे असं लोक मानत. त्यांनी विचारलं, त्या आधाराला आधार कोणता? त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असं कुठवर नेणार? शेवटी कुणीतरी आपल्याच शक्तीने राहतो असं मानायचंच असेल तर ते पृथ्वीबद्दलच का मानू नये? पण त्यांच्याही आकाशात पृथ्वी स्थिर होती आणि सूर्य फिरत होता.

आता ‘ग्रह’ हा शब्द घ्या. ‘ग्रह्’ म्हणजे पकडणं. माणसाला पकडतो, धरतो तो ग्रह. नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत. पृथ्वी नाही, कारण पृथ्वी तर आपल्या पायाखाली, तिने कुणाला धरायचं? आज तिसरीतलं पोर सांगतं की पृथ्वी ग्रह आहे, सूर्य तारा आहे, चंद्र उपग्रह आहे. शब्द एक अक्षरानेही बदलला नाही आणि त्याच्या घरातली माणसं बदलली. आत होता तो सूर्य बाहेर गेला, बाहेर होती ती पृथ्वी आत आली. कोपर्निकसने 1543 साली जे केलं ते सगळं या एका मराठी शब्दात घडलेलं दिसतं. 2006 साली प्लूटोलाही घराबाहेर काढलं, तेव्हा याच शब्दाची व्याख्या पुन्हा घासून घेतली गेली.

आणि मराठीत ‘ग्रह’ म्हणजे मत, समजूतही होतं. “माझा असा ग्रह झाला की…” आपण म्हणतो. पूर्वग्रह, आग्रह, दुराग्रह हेही त्याच ‘धरून बसण्या’चे प्रकार. आकाशातला ग्रह माणसाला धरतो आणि मनातलाही धरतो. हे भाषेला कोपर्निकसच्या आधीपासून माहीत होतं.

क्रांती या शब्दाचा जन्मही आकाशातलाच. क्रांती म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. सूर्य ज्या वाटेने राशी ओलांडतो ते क्रांतिवृत्त, ओलांडण्याचा क्षण संक्रांत. तोच शब्द विसाव्या शतकात राजकारणात उतरला आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील ‘क्रांतिसिंह’ झाले. इंग्रजीतही तसंच झालं. कोपर्निकसच्या लॅटिन ग्रंथाच्या नावातला ‘रेव्होल्युशन’ गोलांच्या फिरण्याबद्दल होता, पुढे तोच शब्द राजे उलथवणाऱ्यांनी घेतला. दोन्ही भाषांनी आकाशातला शब्द जमिनीवर आणला.

सगळ्यात जास्त मी ज्या शब्दापाशी थांबतो तो ‘देवी’. माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल वण होते. ती म्हणायची, “लहानपणी देवी काढल्या होत्या.” आता या वाक्यात काय काय आहे! देवीचा रोग म्हणजे शीतलादेवीचं येणं होतं. अंगाची आग होते म्हणून तिला गोड बोलून ‘शीतला’ म्हणायचं. देवी ‘यायच्या’, आणि आदरार्थी अनेकवचनात यायच्या. रोग्याच्या घरी फोडणी बंद, बाहेरच्याला आत मज्जाव, दाराला कडुलिंबाचा डहाळा. देवी गेल्या की न्हाऊ घालून नैवेद्य. हा नुसता भाबडेपणा होता असं मी कधीच म्हणणार नाही. औषध नव्हतं तिथे रोग्याला वेगळं, शांत आणि स्वच्छ ठेवायला लावणारी ती व्यवस्था होती. पण तिच्या मुळाशी समजूत एकच: हा कोप आहे, तो शमवायचा असतो.

1796 साली एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवींची लस टोचून पाहिली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, हिंदुस्थानातली पहिली. मग सरकारी टोचणारे गावोगाव फिरू लागले. लोक सुरुवातीला पोरं लपवत. देवीचा कोप येईल ही भीती होतीच, आणि एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या अंगात कसा घालायचा, हा प्रश्नही होता. ‘लस’ म्हणजे मुळात हा द्रवच, जखमेतून येणारा चिकट स्राव. जो शब्द ऐकून अंगावर शहारे यायचे, त्यावरून पुढे लसीकरण झालं आणि 2021 साली लोक ‘लस मिळाली का?’ म्हणून पहाटेपासून रांगेत उभे राहिले.

पण मराठीने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती विलक्षण वाटते. टोचून घेण्यालाच लोकांनी नाव दिलं ‘देवी काढणे’. देवी येणं हा रोग आणि देवी काढणं हा त्याचा प्रतिबंध. नाव तेच, क्रियापद बदललं. पहिल्या वाक्यात देवी कर्ता आहे, ती येते, माणूस हात जोडतो. दुसऱ्यात देवी कर्म झाली. काढणारा माणूस कर्ता झाला. व्याकरणातली विभक्ती बदलावी तशी समजूत बदलली. एका पिढीला श्रद्धा सोडायला न लावता भाषेने तिला विज्ञानाच्या दारात नेऊन उभं केलं. कूनला रूपावलीचं उदाहरण लॅटिनमधून घ्यावं लागलं. त्याला मराठी येत असती तर मी हे त्याच्यापुढे ठेवलं असतं.

व्यापारातल्या शब्दांबद्दल थोडंच सांगतो. ‘श्रद्धा’ आणि इंग्रजीतलं ‘क्रेडिट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आलं ते ‘क्रेडो’, ही सख्खी भावंडं आहेत: मन एखाद्या ठिकाणी ठेवणं. ‘विश्वास’मध्ये श्वास आहे. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, तिथे विश्वास. ‘पत’ ही पूर्वी माणसाची असायची, त्याच्या नावामागे चालायची. मग ती संस्थेच्या पाटीवर गेली. खानदेशात अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि आयुष्याची पुंजी अडकली, तेव्हा म्हाताऱ्या ठेवीदारांनी गमावला तो हा श्वास. तो परत मिळवून देणारा शब्द अजून कुणी घडवलेला नाही.

समाजातली समजूत बदलते तेव्हा कधी कधी जुना शब्द टाकूनच द्यावा लागतो. ‘अस्पृश्य’ म्हणजे ज्याला शिवू नये तो. हा शब्द दोष त्या माणसात ठेवतो, जणू न शिवण्याजोगेपण त्याच्या कातडीतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं. बहिष्कृत म्हणजे बाहेर काढलेला. हे कर्मणी धातुसाधित आहे, आणि ते लगेच प्रश्न उभा करतं: कुणी काढलं? ‘दलित’ही तसाच. दल् म्हणजे फुटणं, भरडलं जाणं. भरडलेला, मग भरडणारा कोण? 1958 साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठे त्याचे उद्घाटक होते. 1972 साली दलित पँथर उभी राहिली. शब्दाने बोट फिरवलं, शिवल्या न जाणाऱ्याकडून भरडणाऱ्याकडे.

आणि हाच ‘दल्’ आपल्या जात्यात आहे. दळणे, डाळ, द्विदल धान्य. जळगावशेजारच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) याच दळणावर ओव्या रचत. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी त्या लिहून घेतल्या म्हणून राहिल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. कवी म्हणजे लिहिता-वाचता माणूस ही समजूत त्या पुस्तकाने मोडली. पण भाषा तिथेही आपल्या आधी पोचली होती. युरोपात साहित्याचा शब्द अक्षरावरून, ‘लिटेरा’वरून घडला. आपला ‘वाङ्मय’ वाणीवरून घडला आहे. त्यात लिहिण्याची अट नाही. बहिणाबाई वाङ्मयात पहिल्यापासून होत्या, पुस्तकात मात्र 1952 साली आल्या.

म्हणून पाठ्यपुस्तकं आणि परिभाषाकोश लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पॅराडाइमपुढे प्रतिमान लिहिण्याआधी समजूत हा शब्द तीन वाक्यांत घालून बघा. विज्ञानाची समजूत, बाजाराची समजूत, गावाची समजूत. चालला नाही तर खुशाल दुसरा घ्या. माझ्या भाचीने उत्तरपत्रिकेत ‘समजूत पालटणे’ लिहिलं, आणि त्यापुढे केळीचं उदाहरण दिलं.

आणि वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्यांना विचारा, देवी काढायला कोण यायचं, कुठे बसवायचे, घरातलं कोण नको म्हणायचं. ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या बोलीत लिहून ठेवा. जगातून देवी हटल्याचं 1980 साली जाहीर झालं. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर बीसीजीचा वण असतो, देवीचा नसतो.